बरणीतलं नाव

परवा बोरिवलीला बाबांचं रक्त घ्यायच्या आधी लॅबमधल्या मुलीने त्यांच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी संग्रहालयाच्या त्या थंडगार खोलीत जाऊन उभी राहिले.

मी शाळेत असताना दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत बाबांनी काठीने मण्यार मारली होती. "झकास काम केलंस!" म्हणत सगळ्यांनी पाठ थोपटली. संग्रहालयात साप ठेवून घेतात असं कळल्यावर बाबा लोणच्याच्या बरणीतून तिला घेऊन निघाले. मीही मिरवत सोबत.

तिथे कपाटं भरून बेडूक, सरडे, साप स्पिरिटमध्ये बुडालेले. तिथल्या बाईंनी आमची बरणी उजेडात धरली.

"मण्यार नाही हो, हा कवड्या. बिनविषारी. पाली खातो बिचारा."

बाबांचे कान लाल झाले. बाई सापाला बांधायच्या चिठ्ठीवर लिहू लागल्या, तसे ते पुटपुटले, "माझं नाव नका लिहू."

"आणणाऱ्याचं नाव लागतंच. सापाचा रंग उडतो स्पिरिटमध्ये, ही शाई नाही उडत."

 त्यानंतर घरात कधी हा विषय निघाला नाही. मला वाटलं, विसरले.

लॅबमधून बाहेर पडताना हातावरचा कापूस दाबत ते म्हणाले, "त्या बरणीत माझं नाव अजून असेल ना गं?"