तिन्हीसांजेची सुई

कॉलनीतल्या बायांनो, पाण्याला आलाच आहात तर हे वाचूनच हंडा उचला.

आज संध्याकाळी रात्रपाळीला निघताना ह्यांनी सायकलवर टांग टाकली आणि खाकी पँट मागून उसवली. दुसरी दोरीवर ओली. उशीर झाला तर कारखान्याच्या गेटवरून परत पाठवतात, म्हणून मी घाईनं टाके घालायला बसले आणि घरातली एकुलती एक सुई मोडली.

शेजारच्या सरूबाईंकडे धावले.

"दिवेलागणीला सुई? न्हाई गं बाई, लक्ष्मी जाती घरातली!"

समोरच्या काकू म्हणाल्या, "सकाळी ये, दहा देते!"

सकाळी दहा सुयांचं मी काय लोणचं घालू?

आज दुपारीच कॉलनीतल्या शिवणवर्गात 'घरचं शिवण सोपं करा' हे भाषण ऐकून ह्याच दोघी माना डोलावत होत्या!

शेवटी सरूबाईंना दया आली. "मी देत न्हाई. उंबऱ्यावर ठिवते, तुझी तू उचल."

म्हणजे लक्ष्मीला हात दिसतो, उंबरा दिसत नाही.

तोवर पंचा नेसून बसलेल्या ह्यांनी घरातूनच भोंगा ऐकला. पँट शिवून झाली, पण गेटवरून परत आले. खाडा पडला.

तर हा कागद मी नळाजवळच्या तट्ट्याला त्याच सुईनं टोचलाय, दोरा ओवून. तिन्हीसांजेला कुणाचं उसवलं तर खुशाल उपसून न्या आणि काम झालं की परत टोचा. इथं देणारं कुणीच नाही. आता कुणाची लक्ष्मी जाते, सांगा बघू?