चिचगडच्या इवायाची शिवी

सन २०२३. माझं वय तेव्हा बहात्तर, आणि त्या साली आमच्या समोरच्या घरची वहिनी जगप्रसिद्ध झाली.

तशी ती आधीही प्रसिद्ध होतीच, पण सौंदडच्या आसपासच्या चार गावांत. लग्नात इवाई, म्हणजे व्याही, जेवायला बसला की ही त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. एक हात कमरेवर, एक डोळा मिटलेला. दुसऱ्या डोळ्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घ्यायची आणि मग गारी सुरू करायची. गारी म्हणजे शिव्यांचं गाणं. इवायाचं टक्कल, त्याचं पोट, त्याच्या जेवणाची रीत, काही सुटायचं नाही. इवाई लाजायचा, हसायचा आणि एक पोळी जास्त खायचा.

तुमच्यातल्या शिकलेल्यांना हे रानटी वाटेल. वाटू द्या. आमच्याकडे शिवी दिली तर नाही, शिवी दिली नाही तर पाहुणा रागावतो. माझ्या डोळ्यांदेखत एक वरबाप ताटावरून उठला होता. "आमाले शिव्या काऊन नाही देल्ल्या? आमी का परके आहो?" वहिनीला धावत आणावं लागलं होतं.

ती म्हणायची, "भाऊजी, नमस्कार त कोनालेही करता येते. शिवी द्याले मानूस आपला लागते."

तर हिची एक गारी तिच्या सुनेनं फोनवर घेतली आणि जगाला दाखवली.

"इवाई आला मिशावाला, मिशीत अडकला भात,
अर्धा गाव जेवून उठला, याचा सुकला नाही हात."

झालं. सून रोज संध्याकाळी ओसरीवर बसून लोकांनी खाली काय लिहिलं ते वाचून दाखवू लागली. कोणी पुण्याचा, कोणी दुबईचा, कोणी अमेरिकेचा. सगळ्यांना म्हणे आपली आजी आठवली. आजी जिवंत असताना यांना फोन करायला वेळ नव्हता, हे कोणी लिहिलं नव्हतं.

"भाऊजी, अमेरिकेत मले लोकं आजी म्हनून राहिले."

"आनि घरात?"

तिचा नातू हैदराबादला असतो. महिन्यातून एकदा फोनवर दिसतो आणि "हाय दादी" म्हणतो. ती "हाय" म्हणते. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात.

पुढं मुंबईहून एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. वहिनी रोजच्या लुगड्यात बसलेली. त्याला ते चाललं नाही. "आजी, जरा मराठमोळं काहीतरी घाला ना." त्यानंच पिशवीतून नऊवारी काढली, भली मोठी मोत्यांची नथ काढली. चंद्रकोर लावली. आमच्या भागात असली नथ आम्ही टीव्हीतच पाहिलेली. सत्तर वर्षं ही बाई मराठी नव्हती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिचं "कायले" आणि "काऊन"ही त्यानं दुरुस्त करून घेतलं. लोकांना समजलं पाहिजे म्हणे.

खोटं कशाला बोलू, तिला ते सगळं आवडलं. नथ ती उतरवेना. सून म्हणाली की जास्त शिव्या दिल्या तर व्हिडिओ काढून टाकतात, म्हणून तिनं बाकीच्या गाऱ्या सोडल्या. ती मिशीवालीच तेवढी ठेवली. प्रत्येक लग्नात लोक तीच मागायचे. एका लग्नात तर डीजेवाल्यानं तिची गारी धमधम करून वाजवली, आणि ही बाजूच्या खुर्चीवर बसून आपलाच आवाज ऐकत होती. मी म्हटलं, "वहिनी, तुमी आता नाही आल्या तरी चालते." ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा चिचगडचा, नोकरीला बंगलोरला. त्याचा आजा उंच, वाळका, माझ्यासारखाच हेकट. सुपारी फुटली तेव्हा मी विचारलं, मानपानाचं काय? तो म्हणाला, "काही नको जी. तुमच्या गावची गारी ऐकली पाहिजे. जंगलातून येऊन राहिलो, रिकामा नोका धाडू."

मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय, हे गावात विचारा.

लग्न सडक अर्जुनी गावच्या एका लॉनवर. नातीनं हळदीला सगळ्यांना पिवळे कपडे घालायला लावले. मी पांढरा सदरा घातला. "आजोबा, फोटो बिघडतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "बिघडू दे, मी तर चांगला आहो."

दुपारी पंगत बसली. चिचगडचा इवाई, म्हणजे मुलाचा तोच आजा, ताटावर बसला, पण ताटाला हात लावेना. वाट पाहत होता. वहिनी आली, नऊवारीत, नथेत. सुनेनं फोन धरला, त्याला गोल दिवा लावलेला. वहिनी दिव्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सुरू झाली. "इवाई आला मिशावाला..."

पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. इवाई खाली पाहत होता. त्यानं आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं आणि ताट पुढं सारलं.

"हे शिवी माही नोय."

टाळ्या थांबल्या.

"मले मिशी नाही, बाई. दुसऱ्याची उतरलेली शिवी मले कायले? माह्या नशिबात एक ताजी शिवी नाही?" आणि तो उठू लागला.

माझी नात रडवेली झाली. तिच्या बंगलोरच्या मैत्रिणींना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. मी वहिनीकडे पाहिलं. माझा शब्द तिच्या तोंडात होता, आणि तोंडावर ती नथ.

मग नथ काढून तिनं कमरेला खोचली.

"ठेव वं तो फोन," ती सुनेला म्हणाली. "तो मधात आला का मले मानूस दिसत नाही."

"आई, सगळे लाइव्ह पाहून राहिले..."

"पाहू नोका म्हन."

दिवा विझला. वहिनी इवायापुढं गेली. हात कमरेवर, एक डोळा मिटलेला. त्याला पायापासून पाहू लागली. पायात नातवानं दिलेले पांढरे फटफटीत बूट, वर धोतर.

"इवाई आला चिचगडचा, बांधीत उभा बगळा,
बूट तेवढा नातवाचा, बाकी फाटका सगळा."

धानाच्या बांधीतला, भातखाचरातला बगळा! इवाई मटकन खाली बसला. वहिनी थांबेना. त्याचे कान, त्याची चाल, त्याचं चिचगड, सगळं काढलं. आवाज फाटला तरी गात होती. तो हसता हसता भात कालवत होता, आणि डोळे पुसायला त्याचा एकच हात मोकळा होता.

यातलं काहीही फोनात नाही. म्हणजे आजच्या हिशेबानं ते झालंच नाही.

यंदा पौषात वहिनी गेली. फोनवर जगभरातून श्रद्धांजल्या आल्या. कोणी हात जोडलेले, कोणी रडकं तोंड, सगळी एकाच साच्याची. हैदराबादचा नातू तेरवीला आला. मोठा फोटो बनवून आणला त्यानं, नथवाला, चंद्रकोरवाला, मागं कुठला तरी किल्ला चिकटवलेला. आमच्या अर्ध्या बायांनी "हे कोन?" म्हणून विचारलं. मिशीवाली गारी फोनवर लावून ठेवली होती. ती संपली की आपोआप पुन्हा सुरू व्हायची. मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी धरली, देवरीला बदलली आणि चिचगडला इवायाच्या ओसरीवर जाऊन बसलो. चहा आला. वहिनी गेली, एवढं सांगितलं. मी आयुष्यात कधी आरतीसुद्धा गायली नाही, पण घसा खाकरला आणि ती बगळ्याची गारी सुरू केली. दुसऱ्या ओळीवर त्यानं हात वर केला.

"फाटका नोय, इवाई. वाकडा. बाकी वाकडा सगळा."

"फाटका म्हनली होती."

"शिवी मले देल्ली का तुमाले? माही शिवी मले मालूम."

मी ऐकणारा माणूस नाही, तोही नाही. चहावर साय धरली. आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.