जन्मापासूनच तसा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आता सत्तरी उलटली आहे, तरी लिहिताना हात अडतो आहे.

आदिलाबादजवळ, जैनथकडच्या आमच्या शेतात कापूस बैलबंडीत भरायचा तो पायांनी तुडवून. हे काम माझ्या धाकट्या भावाचं, किसनाचं. बंडीवर उभा राहून तो मला चिडवायचा. त्या दिवशी म्हणाला, "दादा, तुये बैल तुयासारकेच — ढिम्म!" रोजचीच थट्टा. मग मला राग का आला? तो वर तोल सावरतो आहे हे दिसत असताना मी बैलाला टोचलं. बंडी हिसकली. किसना कपाळावर आपटला, चाकाच्या लोखंडी धावेवर.

ऊन कलेपर्यंत तो शुद्धीवर नव्हता. शेतात आम्ही दोघंच. जागा झाला तेव्हा त्याला काहीच आठवेना. मी म्हणालो, "घसरलास." गावातही तेच — घसरला, खरचटलं.

वासरू मेलं तर दिवसभर न जेवणारा किसना त्यानंतर आईवर हात उगारू लागला. वर हसायचा. लाज नाही, भीती नाही. पुढे विहिरीवरच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला काठीने मारलं. शेजारी मेला.

आदिलाबादच्या कोर्टात किसनाच्या वकिलाने त्याच्या कपाळावरचा व्रण पाहिला. मला बाजूला घेऊन विचारलं, "सर पे कभी बडी चोट लगी थी? डॉक्टर को दिखाएंगे."

मी काय म्हणालो? "नाही साहेब. तो जन्मापासूनच तसा."

किसना जवळच उभा होता, बेड्यांत. वकिलाकडे बघून म्हणाला, "दादा सांगते तेच खरं."

तो तुरुंगातच वारला.

पुष्कळ वर्षांनी बायकोला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र समोर धरलं. कपाळामागचा भाग माणसाला आवरून धरतो, म्हणाले. तिथे मार बसला तर काहींचा स्वभावच पालटतो. सगळ्यांचा नाही. मी विचारलं — मार बसला म्हणूनच एखाद्याने खून केला, असं सांगता येतं का? ते म्हणाले, तपासल्याशिवाय कसं सांगणार?

तपासू कुणी दिलं नाही?

शेजाऱ्याचा जीव किसनाने घेतला, ते खरंच. पण गावातही मी तेच सांगत आलो; आजही त्याचं नाव निघालं की लोक माझंच वाक्य म्हणतात — जन्मापासूनच तसा. परवा माझ्या नातवानेही म्हटलं. मी समोर बसून जेवत होतो. जेवत राहिलो.