गृहीत धरलेलं पॅकेज

शोभाताईंच्या भावाचा, दिलीपदादांचा फोन सकाळी आला. "ताई गेली रे. डायलिसिसला नेत होतो, रिक्षातच..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. डायलिसिस? दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, असं ते सांगत होते. आणि मी ताईंशी जवळजवळ रोज बोलत होतो.

ठाकुर्लीला राहणाऱ्या शोभाताई पालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शाळांना, वाचनालयांना फुकट वापरता यावं म्हणून आम्ही काही जण एक छोटं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली, सांभाळतो. त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम त्यांच्याकडे होतं. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो. ज्या पॅकेजांशिवाय कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, त्या अत्यावश्यक पॅकेजांची यादी त्या बघायच्या. एरवी प्रत्येक पॅकेजला आपल्याला आणखी कोणती पॅकेजं लागतात ते लिहून द्यावं लागतं. अत्यावश्यक पॅकेजांचं नाव मात्र कोणी लिहीत नाही, ती असणारच असं सगळे धरून चालतात. "म्हणूनच त्यातलं एकही काढताना भीती वाटायला हवी, नितीन," त्या म्हणायच्या. मला ते वयाचं घाबरणं वाटायचं.

मे महिन्यात वर्तकनगरच्या घरी बसून मी एक जुना, चिमुकला प्रोग्राम त्या यादीतून काढला. कोणाला लागत नसेल असं वाटलेलं. ताईंना विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी आमचं लिनक्स वापरणाऱ्या कोपरीच्या अभ्यासिकेतनं फोन, अपडेटनंतर एकही कॉम्प्युटर सुरू होत नाही. अपडेटने तो प्रोग्राम बिनकामाचा समजून पुसलेला, आणि सुरू होताना नेमका तोच लागत होता. प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस. मी धावत तिथे पोचलो, तर मुलं आणि आईबाप दारात उभे. मी ताईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"घाबरलास ना? बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता पेनड्राइव्हवरून सुरू कर. जुनं पॅकेज परत टाक. घाई नको." मागे सारखं टूं... टूं... वाजत होतं. "काय वाजतंय, ताई?" "मशीन आहे, वाजतंच ते. तू सांग, स्क्रीनवर काय आलं?" मध्येच त्यांचा आवाज खोल जायचा आणि मी "हॅलो, ताई, हॅलो?" करून ओरडायचो... चारच्या सुमारास शेवटचा कॉम्प्युटर उठला. मी साधं थँक्यूही न म्हणता फोन ठेवलेला.

ताई गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या खोलीवर गेलो. कॉम्प्युटरवर एक यादी सापडली. त्या चिमुकल्या प्रोग्रामवर न सांगता विसंबलेली पॅकेजं ताई एकेक करून हुडकत होत्या. तपासायच्या, 'हा प्रोग्राम लागतो' असं त्यात लिहून द्यायच्या... तो प्रोग्राम अत्यावश्यक यादीतून खरंच काढता यावा म्हणून! माझी कल्पना त्यांनी मोडीत काढलीच नव्हती. निम्मी यादी झालेली, शेवटची नोंद जाण्याच्या आदल्या दिवसाची.

"जमेल ना तुला?" दिलीपदादांनी दारातून विचारलं.

"भीती वाटतेय. बघतो," म्हणालो. त्यांची खुर्ची मला फार बुटकी होती, गुडघे टेबलाला लागत होते. ती वर न करता तसाच बसलो, आणि पुढचं पॅकेज उघडलं.