दोन तास दहा मिनिटं

नातीची बारावी झाली तेव्हा तिने इंजिनिअरिंगच्या कॉलेजांचा लॅपटॉपवर एक तक्ता केला. ती त्याला शीट म्हणायची. डावीकडे एकाखाली एक अठरा कॉलेजं. पुढे रकाने: शाखा, मागच्या वर्षीचा कटऑफ, लॅब कशी आहे, आणि शेवटी घरापासून लागणारा वेळ. प्रत्येक रकान्याला तिने गुण ठरवले होते. आकडा भरला की बेरीज आपोआप व्हायची आणि कॉलेजं वरखाली सरकायची.

वेळेचा रकाना माझ्याकडे आला. मोबाइलवर वेळ दिसतो, पण मीच म्हणालो होतो, "त्या मोबाइलला चाकणचा चौक काय म्हाईत हाय?"

"मग आबा, तुम्हीच जाऊन बघा ना," ती म्हणाली. "आपल्या दारापासून कॉलेजच्या गेटपर्यंत. बसने, मिनिटं मोजून."

मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या माणसाला कॉलेजच्या कामात कोण धरतं? बसचा पास होता, मनगटावर घड्याळ होतं. रोज एक कॉलेज. निघालो ती वेळ आणि पोचलो ती वेळ वहीत टिपायची, संध्याकाळी नातीला सांगायची. रावेतच्या कॉलेजला पस्तीस मिनिटं लागली. आमच्या चिंचवडपासून एवढं जवळ दुसरं नव्हतं.

तिचा जीव होता चाकणच्या पुढच्या कॉलेजवर. तिला रोबोचं शिकायचं होतं. ती शाखा रावेतलाही होती, पण नवीन. चाकणच्या पुढे मात्र लॅबमध्ये खरे रोबो होते, कंपनीत वेल्डिंगला असतात तसे.

एकदा जेवताना मी सांगितलं, "त्या रस्त्याला पोरगी जायची न्हाई." कुरुळीच्या फाट्यावर आमच्या कंपनीतला एक फिटर कंटेनरखाली गेला होता. त्याला उचलणाऱ्यांत मी होतो.

नात भाजी वाढून घेत म्हणाली, "बघू, शीट काय म्हणते ते."

मुलगा हसला. सूनही हसली. घरात माझा शब्द कधी कुणी असा बाजूला सारला नव्हता. तोंडावर भांडली असती तर चाललं असतं. भीती खरी होती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्या हसण्याने.

शीटमध्ये तिने एक युक्ती करून ठेवली होती. वेळ दोन तासांच्या वर गेला की ती चौकट आपोआप लाल व्हायची आणि वेळेचे सगळे गुण जायचे. हे तिनेच मला कौतुकाने दाखवलं होतं.

आता आमच्या कंपनीतली एक गोष्ट सांगायला हवी. मी प्रेस शॉपला होतो, पत्रा दाबून नग काढायच्या खात्यात. एका नगाला किती वेळ लागतो हे मोजायला टाइम स्टडीवाला साहेब स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहायचा. तो उभा असला की आम्ही सगळे हात आखडता घ्यायचो. काम थांबवायचं नाही, चूकही करायची नाही, फक्त सावकाश. पत्रा दोनदा पुसायचा. त्याच्या कागदावर जास्त वेळ लागला की आमचं टार्गेट कमी. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं.

चाकणच्या पुढच्या कॉलेजला मी तसाच गेलो. पहिली बस आली, गर्दी नव्हती, तरी सोडली. बस बदलताना चहा घेतला, तो फुंकून फुंकून प्यालो. उतरल्यावर गेटपर्यंत देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा चाललो. दोन तास दहा मिनिटं. परत येताना नेहमीच्या चालीने आलो. एक तास पस्तीस. ते वहीत लिहिलं नाही.

संध्याकाळी आकडा सांगितला. चौकट लाल झाली. कॉलेज पाचव्या ओळीवर गेलं आणि रावेत पहिलं आलं. तिने आकडा पुन्हा तपासला. मग म्हणाली, "आबा, तुम्ही स्वतः गेला होता ना?"

"व्हय. घड्याळ लावून."

तिने त्याच क्रमाने फॉर्म भरला. यादीत रावेत लागलं. पहिल्या पसंतीचं लागलं की तेच घ्यायचं, पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम.

कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला. तिची लॅब म्हणजे एक रिकामी खोली होती. यंत्रं पुढच्या वर्षी येणार म्हणे. ते तिने तक्रार न करता सांगितलं. मग एका रविवारी माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी, आमच्याच गल्लीतली, चाकणच्या पुढे जायला लागली होती.

"आबा, तिला दीड तास लागतो. रोज. तुम्हाला दोन तास दहा मिनिटं कशी लागली?"

ट्रॅफिक म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. त्या रस्त्याबद्दल काहीही सांगा, लोक मानतात. पण मी सांगितलं. बस सोडली ते, चहाचं, चालीचं, सगळं.

तिने लॅपटॉप आणला. आकडा बदलला. लाल रंग गेला, कॉलेज सरकत वर गेलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं.

"आता काही करता येतं का?" मी विचारलं.

"नाही."

मग वेळेच्या रकान्यातल्या एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारत गेली. "हे खरं?" "खरं." "हे?" "खरं." तिसऱ्यानंतर तिने विचारायचं सोडलं.

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "जाऊ दे गं. आबांनी तुझ्या काळजीपोटीच केलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. व्हय म्हणायला मला काहीच लागलं नसतं.

"काळजी होती," मी म्हणालो. "पण बस सोडली ती रागानं. तुमी हसला होता म्हणून."

मुलाने मान फिरवली. नात उठली, लॅपटॉप मिटला आणि आत गेली.