आत्याच्या अर्जातला शब्द

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. ते आत्यामुळे. ती लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि शाळा उघडायच्या आधी माझी वह्या-पुस्तकं अमडापूरच्या बाजारातून स्वतः घेऊन यायची.

लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ती माहेरी आली. गावाला तिने सांगितलं, "ते सुरतले कंपनीत हायेत." खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत कोणी तिला तोंडावर खोटं पाडलं नाही. बाया तिला 'सुरतवाली' म्हणत. लग्नघरी हळद दळायला पाच सवाष्णी बसत, त्यात पहिली ओवी आत्याची असे.

बी.ए. झाल्यावर तिच्यासाठी काहीतरी करावं, असं मला फार वाटे. निराधार बायकांच्या पेन्शनचा अर्ज मीच आणला. ती नको म्हणत होती. "मले कायले पायजे ते? हातपाय हायेत ना माहे." मी ऐकलं नाही. अर्जासोबत पंचनामा लागत होता. नवरा हिला नांदवत नाही, असं गावातल्या पाच जणांनी सही-अंगठा देऊन सांगायचं. तो मजकूर मी लिहिला. 'टाकलेली' हा शब्द मला हलका वाटला, म्हणून 'परित्यक्ता' लिहिलं. आत्याचा मान राखला, असं मला मनापासून वाटलं होतं.

ग्रामपंचायतीत मी तो कागद मोठ्याने वाचला. आत्या दाराजवळ पदर पुढे ओढून बसली होती. एका म्हाताऱ्या पंचाने मला थांबवलं.

"परि... काय म्हन्तलं बे? म्हंजे काय?"

कॉलेजात सर सांगत तसं मी समजावून सांगितलं, "नवऱ्याने टाकून दिलेली स्त्री."

"मंग सरळ टाकलेली लिव्ह ना! उगा शहानपना."

"आन् आमी समजत होतो जावई सुरतले हाय," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, थोडंसं. मग पाचही जणांनी सह्या-अंगठे दिले.

मंजुरीचा कागद यायच्या आधीच गावात तिचं नाव बदललं. पोरं एकमेकांना ओरडून सांगायची, "बॉल टाकलेलीच्या अंगनात गेला!" त्यात राग नव्हता की चेष्टा नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगायची.

उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. शेजारीण हळदीचं आवतन घेऊन आली. तिने आईला कुंकू लावलं, करंडा मिटला आणि आत्याला म्हणाली, "बाई, तुमी जेवाच्या टायमाले या."

दुपारी पलीकडून जात्याची घरघर ऐकू आली. कोणीतरी ओवी उचलली, ती मधेच अडखळली. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती. मला राहवलं नाही.

"आत्या, ते लिहावंच लागतं. त्याशिवाय मंजूर होत नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लिव्हलं त्याचं काई नाई रे बापू. त्या बुढ्याले तू अर्थ काऊन सांगतला? समजलं नसतं, तरी त्यानं अंगठा देल्ला असता."

खरंच, दिला असता.