भावजींच्या दंडातलं तेल

साऱ्या सोलापुरात तेलावर भक्ती करणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. माणसाच्या अंगात हाडं असतात, रक्त असतं, हे भावजींना मान्य होतं. पण ताकद म्हणाल तर ती तेलाचीच, तिथं तडजोड नाही. पैलवान दूध-बदाम खातात, ते बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नाही म्हणून. आम्ही भाकरीवर चमचाभर करडईचं तेल घ्यायचो, भावजींची भाकरी तेलात पोहायची. जवसाची चटणी ते वाटीनं खायचे. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याचा दंड दाबून बघायचे. माझे थोरले भाऊ पहिल्यांदा आले, तर त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "वहिनी, माणूस लई चांगला हाय, पर आत तेल न्हाय." भाऊ शाळामास्तर, चहा निवेपर्यंत दंड चोळत बसले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. अक्कलकोटकडची एक मुलगी भावजींच्या मनात भरली. तिचे वडील जुने पैलवान. त्यांनी निरोप धाडला, काटकीला मुलगी देणार नाही, आमच्या जत्रेत एक कुस्ती मारून दाखवा, मग बोलू. भावजींनी हाय खाल्ली. तेवढ्यात ओळखीच्या कंपाउंडरनं सांगितलं, माशाच्या तेलात फॅटी ॲसिड असतं, ते थेट दंडात उतरतं. आमचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबरा चढलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ॲसिड गाडीच्या बॅटरीत घालतात. पण पोराचं तोंड बघून विरघळल्या. अट एवढीच घातली, की बाटली विहिरीच्या कोनाड्यात राहील. चमचा पोटात गेला की तिथंच अंघोळ, मग दगड धुवायचा, अंगण धुवायचं, आणि घरातलं सगळं पाणी ओतून ताजं भरायचं. रोजच्या तीस बादल्या, पोहरा हातानं ओढून. चार महिने भावजींचा एक दिवस खाडा नाही.

जत्रेत भावजींनी समोरच्याला असा खेचला म्हणतात, की तो पोहऱ्यासारखा वरच आला. कुस्ती मारून सगळे मुलीच्या घरी आले, तिथं मी आधीच पोचले होते. वडिलांनी भावजींचं मनगट धरून विचारलं, खुराक काय? खोटं बोलणं या माणसाला जमलंच नाही कधी. माशाच्या तेलाची सगळी हकिकत सांगून मोकळे. तेही घर लिंगायतच. मुलीच्या आईनं पुढं आणलेली साखरेची वाटी तशीच आत नेली.

मग मीच पदर सावरून म्हणाले, "मामा, तेलाचं सोडा. भावजींचे तळहात बघा."

त्यांनी भावजींचे हात उलटे केले. दोराचे घट्टे बघून विचारलं, "दोर हातात कुणी दिला?"

"सासूबाईंनी. रोज तीस बादल्या."

"मग अशा सासूच्या घरी मुलगी द्यायला हरकत न्हाय की," म्हातारा हसला. वाटी परत बाहेर आली.

परतताना एसटीत सगळे खुशीत. भावजी तेवढे खिडकीशी, हात मांडीवर उघडे टाकून बसलेले. वळसंग मागं पडल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, दंडात निसतं वढलेलं पाणीच हुतं काय वो?"

मी म्हटलं, लग्न ठरलं ना, आता कशाला तो विषय. त्यांनी मान हलवली. पुढं संसार सोन्यासारखा झाला, पण कोनाड्यातली बाटली त्यांनी आपल्या हातानं ओतून रिकामी केली आणि माझ्याशी तेलाबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. थोडं तेलही होतं भावजी, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?